बेवारस गिटार

दुपारी जेवून दोधू आप्पा ओसरीवर आडवे झाले, की त्यांना हटकून एसटीचं स्वप्न पडायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण स्वप्नातली गाडी अजून वेळेवर सुटायची. कधी ती खांडबाऱ्याहून विसरवाडीकडे निघालेली असायची, तर कधी सरळ कापसाच्या शेतातूनच चाललेली. आत बसलेले सगळे ओळखीचे, आणि उतरायची घाई कुणालाच नाही. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. त्या दुपारीही गाडी अशीच संथ चालली होती आणि एकदम टायर फुटला.

आप्पा दचकून उठले. टायर कुठला! आतल्या खोलीत भिंतीला टांगलेल्या गिटारीची घोडी उखडली होती. ज्या लाकडी पट्टीत तारांची खालची टोकं अडकवतात, ती. गिटारीच्या पोटावरचं पातळ लाकूडही तिच्याबरोबर सोलून आलं होतं, आणि सहाही तारा वाळलेल्या वेलासारख्या लोंबत होत्या.

मागच्या अंगणातून अनुसयाबाई पदराला हात पुसत आल्या. "काय फुटनं, ललितना बाप?"

"गिटार."

अनुसयाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. ललित, त्यांचा मुलगा, सुरतेला नोकरीला लागला आणि घर सोडून गेला, त्या दिवशी आप्पांचं तोंड असं झालं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मंग उभा काय ऱ्हायनात? नवापूरले लई जा. तठला ख्रिस्ती लोकस्नी मंडळीमा गिटारी वाजतस. कोनी ना कोनी दुरुस्त करनारा व्हईच."

रनाळ्यासारख्या शेतकऱ्यांच्या गावात, पाटलाच्या घरात गिटार आली कुठून, हे एकदा सांगायला हवं.

शहाऐंशी साल. पावसाळा सरत आला होता. दोधू तेव्हा तिशीतला कंडक्टर, नवापूर-नंदुरबार गाडीवर. नंदुरबार स्टँडवर गाडी रिकामी झाली आणि शेवटच्या बाकावर एक लांबट वस्तू राहिलेली दिसली. जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ होती, तोंडाशी नाडी. वर हात ठेवला तर आतून कुणीतरी हुंकार दिल्यासारखा आवाज आला. दोधूनं ती डेपोत जमा केली. कुणी तरी येईलच मागायला, असं सगळ्यांना वाटलं. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी बेवारस वस्तू विकायला काढल्या. छत्र्या गेल्या, डबे गेले, एकुलती एक चप्पलही कुणीतरी नेली, पण गिटारीसाठी हात वर झाला नाही. शेवटी दोधूनंच केला. सायकलवर आडवी बांधून तो ती घरी घेऊन आला तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, लग्नाच्या स्वयंपाकातला मोठा पळा आणलाय.

शिकवायला कुणी नव्हतं. गिटारीच्या तारा कुठल्या सुरात लावायच्या असतात, हेही दोधूला ठाऊक नव्हतं. मग त्यानं त्या आपल्या मनानं लावल्या. सगळ्यात जाड तार त्यानं उभ्या गाडीच्या इंजिनाच्या घरघरीला जुळवली. सकाळी डेपोत गाडी तापत ठेवतात तेव्हा ती येते तशी. सगळ्यात बारीक तार कंडक्टरच्या घंटीला. मधली एक गावविहिरीच्या रहाटाला. उरलेल्या तीन कशाला जुळवल्या, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कान भरेपर्यंत तो खुंट्या पिळत राहिला आणि भरल्यावर थांबला. त्या सुरांतून जे निघेल ते तो वाजवायचा. त्याला गाणं म्हणता आलं नसतं. दुरून ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी अर्धवट झोपेत काहीतरी आठवून बोलतंय. अडतीस वर्षं रनाळ्यातल्या त्या गल्लीनं दुपार कलली की हा आवाज ऐकला होता. कुणी त्याला नावं ठेवली नाहीत, आणि कुणी वाहवाही केली नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा गिटार पोटाशी धरून गाडीत बसले. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, जागृती तिचं नाव. छातीवर पट्टी लावलेली. तिकिटाच्या यंत्रावरून मान वर करून ती हसली. "आजोबा, कार्यक्रम शे का कुठे?"

"दवाखान्यात नेतोय," आप्पा म्हणाले.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या अजून पसरलेल्या होत्या. लांबून जमिनीवर लाल ऊन सांडल्यासारखं दिसत होतं, आणि खिडक्या बंद असूनही अर्धी गाडी खोकत होती. खांडबारा गेलं, विसरवाडीला चहाच्या टपऱ्या आणि उभे ट्रक मागे पडले. मग पळसाला आलेला बहर दिसू लागला. आप्पांचे डोळे मिटत होते आणि गाडी हिसकली की मांडीवरची गिटार मधूनच हुं म्हणत होती.

नवापुरात विचारत विचारत ते दानियल मावचीच्या दुकानात पोचले. दानियल पन्नाशीचा सुतार. चर्चची बाकं, घरांची दारं करायचा आणि त्यातच गिटारी-पेट्याही दुरुस्त करायचा. त्यानं गिटार हातात घेतली, उलटी केली आणि तसाच थांबला. पाठीवर शंकरपाळ्याएवढा शिसवी तुकडा बसवलेला होता. आप्पांना तो पहिल्यापासून माहीत होता. त्यांना ती नक्षी वाटायची.

दानियलनं त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "हा माझ्या बापाचा हात आहे," तो म्हणाला. "तडा गेला की बाबा असाच तुकडा बसवायचे. तुम्हाला ही कुठे मिळाली?"

आप्पांनी सांगितलं. बस, शेवटचा बाक, डेपो, सगळं. सांगता सांगता त्यांना उगाचच पकडल्यासारखं वाटू लागलं.

"म्हणजे ही एस्तेर सिस्टरची, विसरवाडीकडच्या नर्सबाईंची," दानियल म्हणाला. "बसमध्ये हरवली होती. सगळी मंडळी हळहळली होती तेव्हा. बाबा तर डेपोत जाऊन विचारतो म्हणत होते. सिस्टर म्हणाली, मी विचारून आले, नाही सापडली."

"डेपोत कुणीच आलं नाही," आप्पा म्हणाले. "मी रोज विचारायचो."

दानियलनं गिटार पुन्हा सुलटी केली. मग दानियलनं विषय बदलला. म्हणाला, आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी आप्पा गेले तेव्हा गिटार नव्यासारखी दिसत होती. घोडी घट्ट बसली होती, तारा नव्या होत्या. "सुरातही लावून दिली," दानियल अभिमानानं म्हणाला. आप्पांनी तिथे वाजवून पाहिली नाही, लाज वाटली. घरी आले, हातपाय धुतले, ओसरीवर बसले आणि बोटं नेहमीच्या जागी ठेवून तार छेडली.

त्यांना कळेचना. आवाज गोड होता, स्वच्छ होता, पण तो कुण्या दुसऱ्याच्या घरातून येत होता. त्यांनी बोट सरकवलं, पुन्हा छेडलं. अडतीस वर्षांत बोटांनी जे जे पाठ केलं होतं, त्यातलं काही त्या तारांमध्ये उरलं नव्हतं.

आतून अनुसयाबाईंनी विचारलं, "कोन वनं?"

"कोनी नही. मीच शे."

"तुम्ही शेतस का?" त्या दारात आल्या. "माले वाटनं रेडिओ लागना."

आप्पांनी खुंट्या पिळायला घेतल्या. इंजिनाची घरघर त्यांना लगेच सापडली. रहाट पडून वीस वर्षं झाली होती, तरी त्याचा आवाज कानात होता. घंटी सापडली. उरलेल्या तीन तारांना तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना शेवटची तार जागेवर आली, आणि आप्पांच्या बोटांनी आपणहून चालायला सुरुवात केली. गल्लीतून जाणारी कौसाबाई डोक्यावरच्या भाऱ्यासकट थबकली आणि पुढे गेली.

पण मन स्वस्थ बसेना. कंडक्टरकीच्या साऱ्या वर्षांत त्यांनी लोकांची पाकिटं परत केली होती, सोन्याची पोत परत केली होती, एकदा तर रडणारं मूल दोन स्टॉप मागे नेऊन आईच्या हातात दिलं होतं. आता या वस्तूच्या मालकिणीचं नाव ठाऊक झालं होतं, गावही ठाऊक झालं होतं. माहीत असून घरात ठेवायची म्हणजे काय?

"देई द्या," अनुसयाबाई म्हणाल्या. आणि मग जरा वेळानं, "पन तिले इचारीसन द्या."

एस्तेर सिस्टरचं गाव विसरवाडीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत होतं. आप्पा सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. रस्ता सोडून पायवाटेनं चालताना मोहाचा वास इतका दाट होता, की आपण चालतोय की वास आपल्याला नेतोय, ते समजत नव्हतं. झाडांखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. फुलं पडल्याचा बारीक टपटप आवाज तेवढा येत होता.

कौलारू घराच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर मोहाची फुलं वाळत होती. त्यांच्या कडेला एक बाई खुर्चीवर बसून मांडीवरच्या टोपलीतल्या फुलांतला काडीकचरा निवडत होती. साठी ओलांडलेली, केस पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सरकारी उपकेंद्रात तीस वर्षं नर्स होती, असं दानियल म्हणाला होता. तिनं आधी माणसाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या वस्तूकडे, आणि तिचे हात टोपलीत तसेच राहिले.

"खोळ तीच आहे," ती म्हणाली.

"मी त्या गाडीचा कंडक्टर," आप्पा म्हणाले. वाटेत जुळवलेलं बाकीचं बोलणं विसरलं. "तुमची वस्तू राहिली होती. द्यायला आलोय. उशीर झाला."

ती उठली नाही. तांब्याकडे हात करून म्हणाली, "बसा. पाणी घ्या आधी." आणि आप्पांनी तांब्या खाली ठेवल्यावर, "हरवली नव्हती ती. मी ठेवून उतरले होते."

मग तिनं सांगितलं. सांगताना तिचे हात पुन्हा फुलं निवडू लागले होते.

तिच्या बापानं ही गिटार गुजरातेतल्या व्याऱ्याहून आणली होती, कुणा पाद्र्याच्या घरातली जुनी. एस्तेर तेव्हा शाळेत होती. चर्चमधल्या एका बाईनं बोटं ठेवायला शिकवलं, आणि पुढे आसपासच्या दहा गावांत कुणाकडे लग्न असो, नाताळ असो, एस्तेरला बोलावणं यायचं. धाकटी बहीण रूथ तिच्या शेजारी बसून गायची. रूथ सतरा वर्षांची असताना तापानं गेली. तिला पुरायच्या दिवशी सगळे म्हणाले, एस्तेर, तू वाजव, रूथला आवडायचं ते. एस्तेरनं वाजवलं.

"त्यानंतर काहीही वाजवायला घेतलं, तरी हातातून तेच यायचं," ती म्हणाली. "लग्नात बसले की तेच. मुलांना गाणं शिकवायला बसले की तेच. लोकांना कळायचं नाही, मला कळायचं. तोडायला हात उठेना. गावात कुणाला दिली असती, तर ते वाजवणार आणि मी इथे बसून ऐकणार. नर्सिंगला नंबर लागला होता, नंदुरबारला कागद द्यायला निघाले होते. म्हटलं, गाडीत ठेवून द्यावी. जाईल कुठेतरी. आणि मग सहा महिने गाडीचा आवाज आला की मी आत जाऊन बसायचे. कुणी तरी चांगला माणूस ती परत घेऊन येईल म्हणून."

आप्पांनी मान खाली घातली. "आलो की मी."

आणि मग ती हसली. अगदी तोंडावर हात ठेवून, तरुण मुलीसारखी. आप्पांनाही हसू आलं.

"तुम्ही वाजवता?" तिनं विचारलं.

"वाजवतो म्हणजे... मला येत नाही. कुणी शिकवलं नाही. बोटं फिरवतो."

"फिरवा बघू."

आप्पांनी नाडी सोडली. खोळ बाजूला झाली तशी सिस्टरनं खुर्चीचे हात धरले. दात काढून घेताना माणूस धरतो तसे. आप्पांच्या ते लक्षात आलं. क्षणभर त्यांना वाटलं, नको. पण बोटं तारांवर गेली होती.

इंजिन घरघरलं, रहाट फिरला. घंटी कुठेतरी लांब वाजली. अंगणातलं ऊन, वाळणारी फुलं, मोहाचा तो गुंगीचा वास, या सगळ्यात तो आवाज हळूहळू पसरत गेला आणि जणू तिथलाच झाला. आप्पांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा एस्तेर सिस्टरनं खुर्चीचे हात सोडलेले होते आणि मान एका बाजूला कलती करून ती ऐकत होती.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"तारा कशा लावल्यात या?"

"चुकीच्या लावल्यात. मला कळत नाही त्यातलं. दानियलनं बरोबर लावून दिल्या होत्या, मी पुन्हा बिघडवल्या."

"द्या इकडे."

तिनं गिटार मांडीवर घेतली. तिची बोटं बरोबर जागेवर जाऊन बसली, इतक्या वर्षांनीसुद्धा, न बघता. तिनं श्वास धरून तारा छेडल्या. जे यायला हवं होतं, ते आलं नाही. काहीतरी भलतंच, वाकडं, पण न दुखणारं आलं. तिनं दुसऱ्या जागी बोटं ठेवली. तिथेही ते नव्हतं. ती शोधत गेली, वरून खाली, खालून वर, घरातल्या सगळ्या खोल्या उघडून बघावं तसं. ते कुठेच नव्हतं.

"नाही येत," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि आवाजात मात्र नवल होतं. "कंडक्टरसाहेब, ते येतच नाही यातून."

आप्पांनी पिशवीतून अनुसयाबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या काढून पुढे ठेवल्या. दोघांनी खाल्ल्या.

निघताना आप्पांनी गिटार तिच्या खुर्चीला टेकवून ठेवली. तिनं ती कायमची घ्यायला नकार दिला. आप्पांनी लगेच परत न्यायला नकार दिला. बराच वेळ नको-हो झालं आणि शेवटी ठरलं, की मोह वेचून होईतो ती इथे राहील. "खुंट्यांना मात्र हात लावणार नाही मी," सिस्टर म्हणाली.

रनाळ्यात ते तीन आठवडे लांबच लांब गेले. दुपारी आप्पा ओसरीवर बसायचे आणि बोटं आपोआप मांडीवर हलायची. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी अनुसयाबाई लसूण सोलता सोलता थांबल्या. "घर कसं मुकं मुकं लागस," त्या म्हणाल्या. अडतीस वर्षांत त्या गिटारीबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तोही ती घरात नसताना.

"घ्यायला जायचं शनिवारी," आप्पा म्हणाले.

"मी बी येसू."

शनिवारी दोघं गेले. मोहाची फुलं संपली होती, झाडांना तांबूस कोवळी पानं फुटली होती. सिस्टरनं अनुसयाबाईंना हात धरून आत नेलं, चहा दिला. दोघी आधी गुडघेदुखीवर बोलल्या, मग सुनांवर. आप्पा बाहेर बाकावर ताटकळत बसले. शेवटी सिस्टर गिटार घेऊन बाहेर आली आणि बाकावर बसली. मागोमाग अनुसयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एक बसलंय," ती म्हणाली. "छोटंसं आहे. ऐकून बघा."

तिनं वाजवलं. आप्पांच्याच तारा, आप्पांचेच सूर, पण त्यांना कधी न सापडलेल्या वाटांनी ते चालत होते. चार पावलं जाऊन वळत होते, पुन्हा येत होते. कशाचं आहे, कुणाचं आहे, काही सांगता येत नव्हतं. सिस्टरनं ते एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वाजवलं.

तिसऱ्यांदा वाजवायला घेतलं तेव्हा अनुसयाबाई गुणगुणू लागल्या. शब्द नव्हते. कानबाई देवीच्या गाण्यात बायका सूर धरून ठेवतात तसा, घशातल्या घशात, त्यांनी एकच सूर धरला. आप्पा बायकोकडे बघतच राहिले. सिस्टरनं मान हलवून अनुसयाबाईंना पुढे बोलावलं. त्या पदर खोचून तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या, आणि आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं तरी ते उठून समोर जमिनीवर बसले, ऐकायला.